मायचा वाकडा टाका

वाकळींच्या प्रदर्शनाला आलेल्या सगळ्या बायांत मी एकटीच अशी असेन, की जिला वाटत होतं, एक वाकळ कुणी पाहू नये. बाकीच्या आपापल्या वाकळीजवळ उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून ‘ही आमची’ म्हणून दाखवत होत्या. मी मात्र सकाळपासून मंगल कार्यालयाच्या दाराकडे डोळे लावून बसले होते. माझी थोरली बहीण आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावहून जीपनं यायची होती. आम्ही तिला अक्का म्हणतो. वाकळ तिची होती, आणि त्या वाकळीची मी वाट लावून ठेवली होती.

ही वाकळ आमच्या मायनं शिवलेली, तिच्या हातची शेवटची. तेव्हा मायचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेलेले. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, पाहायचं तेवढं पाहून झालं, आता काय ते नवीन दिसणार आहे? मधला सगळा भाग आम्ही दोघी बहिणींनी आणि शेजारच्या बायांनी गोल बसून शिवला. सगळ्यात शेवटी कडेनं जी पट्टी बसवतात, ती मात्र मायनं कुणाला हात लावू दिली नाही. चाचपत चाचपत चारी बाजू तिनं एकटीनं पुऱ्या केल्या. टाका कसा पडला, तर बैल बुजल्यावर नांगराचं तास जावं तसा. मध्येच आत घुसलेला, मध्येच कडेवरून खाली उतरायला निघालेला. एक टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, तर पुढचा अर्ध्या बोटाचा. त्याच वर्षी माय गेली.

तेराव्यानंतर भांडी वाटून झाली, लुगडी वाटून झाली आणि वाकळ मध्ये पडून राहिली. ती मला हवी होती. अक्कालाही हवी होती, पण ती मागणार नव्हती, कारण मागणं हा प्रकार देवानं तिला दिलेलाच नाही. मग मी मोठेपणा घेतला. म्हणाले, तूच ने, पण नीट सांभाळ, मायचा हात आहे त्यात. हे शेवटचं मी जरा जास्तच ठासून म्हणाले असणार. मला तशी सवय आहे. आमच्या घरात मला सगळे मास्तरीण म्हणतात, शाळेत मी कधी शिकवलेलं नसताना.

त्यानंतर गोरेगावला गेले की चहाच्या आधी मी वाकळ मागायची. मांडीवर घ्यायची, कडेवरून बोट फिरवायची आणि डोळ्याला पदर लावायची. अक्का समोर बसून शेंगा निवडत राहायची. मला वाटायचं, हिला मायची आठवण माझ्याइतकी येत नाही.

या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी जुन्या वाकळींचं प्रदर्शन भरवायचं काढलं. हिंगोली जिल्ह्यातल्या गावागावांतून वाकळी मागवल्या. मी कशाला गप्प बसतेय? आमच्या मायच्या हातची अशी वाकळ आहे, की तशी तुम्हाला सात तालुक्यांत सापडायची नाही, असं सांगून बसले. तालुके पाचच आहेत हे अध्यक्षबाईंनी लगेच सांगितलं, पण वाकळ आणा म्हणाल्या.

अक्काला फोन केला तर ती लवकर हो म्हणेना. जुनी झाली, फाटली, लोक हसतील, असं काहीबाही सांगत राहिली. शेवटी तयार झाली, पण एक गोष्ट तिनं मला दोनदा बजावली.

“धुऊ नको बाई ती. नुसती उन्हात टाक अन् झटक. बराबर ध्यानात ठेव.”

खताच्या पोत्यात घालून तिनं वाकळ जीपवाल्याकडे दिली. मी घरी आणून पोतं उघडलं आणि खोलीभर शेळीचा वास सुटला. अक्काकडे सहा-सात शेळ्या आहेत, आणि थंडीत करडं घरातच झोपतात, बहुतेक तिच्याच पांघरुणात. गावात त्या वासाचं कुणाला काही वाटत नाही. पण आमच्या गल्लीतल्या बायांना वास आला तर त्या तोंडानं काही म्हणत नाहीत, फक्त भुवया वर करतात, आणि ते मला सोसत नाही. मी वाकळ दिवसभर उन्हात टाकली. संध्याकाळी हुंगली. शेळी होती तिथंच होती.

वाकळ धुवायची ती नदीवर, दगडावर पसरून, पायानं तुडवून. मी ती कपडे धुवायच्या मशीनमध्ये कोंबली. अर्धी आत गेली, अर्धीला गुडघा लावून आत ढकलली. मशीन दोनदा बंद पडलं, मग चालू झालं ते जागेवर नाचायला लागलं. मीच वरून धरून उभी राहिले. झाकण उघडलं तेव्हा वाकळ एकीकडे आणि कडेची पट्टी एकीकडे. दोन बाजू पार सुटल्या होत्या, तिसरी लोंबत होती. दोरा मुळातच कुजलेला होता, हात लावीन तिथं तुटत होता.

मी मोरीत पाटावर बसून राहिले. रडू आलं ते मायचं नव्हतं, स्वतःचंच आलं. एवढी एक गोष्ट तिनं मला सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाकळ अध्यक्षबाईंकडे पोचवायची होती. ऊन चांगलं होतं, दुपारपर्यंत ती वाळली. मी सुई-दोरा घेऊन बसले. चौथी बाजू तेवढी शाबूत होती, पण तिचाही दोरा पिचलेला दिसला आणि मी तोही ओढून काढला. तीस वर्षं ब्लाउज शिवतेय मी. कच्ची शिलाई दिसली की उसवल्याशिवाय माझा हात राहत नाही. मग सगळी पट्टी नव्यानं हातानं शिवली. शिवताना डोक्यात एकच, संध्याकाळच्या आत झालं पाहिजे. झाल्यावर वाकळ पलंगावर पसरली, तेव्हा कुठं दिसलं. चारी कडांनी टाका फूटपट्टीनं आखल्यासारखा सरळ गेला होता. मायचा हात मी धुऊन, उसवून, घरातून बाहेर काढला होता.

आणि अजून शेवटचा कोपरा उघडाच होता. आमच्याकडे वाकळ बंद करायच्या आधी शेवटच्या कोपऱ्यात घास घालतात. भाकरीचा वाळका तुकडा, नाहीतर चार दाणे ज्वारीचे. वाकळ उपाशी ठेवायची नसते. उपाशी वाकळीत ऊब धरत नाही, आणि पांघरणाऱ्याच्याही पोटाला कमी पडतं म्हणतात. नेमकी त्या दिवशी चतुर्थी. घरात भाकरी नाही, आणि ज्वारीचं तर आम्ही आता पीठच आणतो. डब्यात ग्लुकोजची बिस्किटं होती. मनात म्हटलं, आजकाल माणसं बिस्किटावर दिवस काढतात, वाकळीनं काढला तर काय बिघडलं? अर्धं बिस्कीट कोपऱ्यात सारलं, टाके घातले आणि वाकळ देऊन आले.

प्रदर्शनाच्या दिवशी अकराच्या सुमाराला अक्का आली. हातात तुरीच्या शेंगांची पिशवी, डोक्यावरून पदर. जीपमध्ये मागच्या बाकावर बसून आल्यामुळे कंबर धरली होती. मी म्हटलं, आधी चहा घेऊ. ती म्हणाली, आधी वाकळ पाहू. मी म्हटलं, पाहू की, पण इथून सुरू करू, ओळीनं. आमची वाकळ अगदी शेवटच्या भिंतीवर होती. तिथं पोचेपर्यंत गर्दी वाढेल, कुणीतरी भेटेल, जेवायची वेळ होईल, असा माझा हिशेब. जन्मात कधी नाही इतक्या प्रेमानं मी बहिणीला एकेक वाकळ दाखवायला लागले.

पहिली हट्टा गावच्या एका बाईची. सगळी लुगडी अशी, की जी नेसून तिनं वर्षानुवर्षं हळद शिजवली होती. निळं असो, हिरवं असो, प्रत्येकावर पिवळे डाग. ते निघत नाहीत म्हणून लुगडी टाकून द्यायच्या ऐवजी तिनं डागच वर येतील असे तुकडे जोडले होते. अक्कानं वाकळ नाकाला लावली आणि मला म्हणाली, अजून वास आहे. मी तिच्या नाकाकडे धास्तीनं पाहिलं. आमच्या वाकळीला आता शेळीचा वास नव्हता, साबणाचा होता.

पुढची नरसीच्या एका म्हाताऱ्या भजनीबुवांच्या बायकोची. बुवांना जिथं तिथं सत्कारात फेटे मिळायचे. भगवे, गुलाबी, लिंबाच्या रंगाचे. ते डोक्याला बांधून फिरणार किती? बाईनं सगळे फाडून वाकळ केली. ती स्वतः शेजारी उभी होती. तिनं आम्हाला सांगितलं, की बुवा आधी चिडले, आता त्या वाकळीशिवाय दुसरं काही पांघरत नाहीत. सगळे सत्कार अंगावर घेऊन झोपतात म्हणे.

एक वाकळ निवडणुकीतल्या उपरण्यांची होती. सगळ्या पक्षांची उपरणी शेजारी शेजारी, एकाच दोऱ्यानं शिवलेली. तिच्यापाशी पुरुषांची गर्दी होती आणि कोणाचं उपरणं मध्ये आलं यावरून वाद चालला होता. शिवणारी बाई म्हणाली, कापड कुणाचं पक्कं निघालं ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही.

मेंढरं पाळणाऱ्या एका घरातली वाकळ तर भिंतीवर टांगताच आली नव्हती. तिच्या पोटात जुन्या घोंगड्या घातलेल्या. ती खाली सतरंजीवर पसरली होती आणि तिचं एक टोक उचलायलाही मला दोन्ही हात लागले. एकीला गणवेशांच्या सदऱ्यांचे खिसे तसेच ठेवलेले होते. घरातल्या पाच लेकरांचे पाच खिसे. शिवणारी आजी म्हणाली, एकात चष्मा ठेवते, एकात गोळ्या, बाकीच्यांत नातवंडं काय ठेवतात ते मला माहीत नाही.

अक्का खूश होती. घाई तर तिला अजिबात नव्हती. प्रत्येक वाकळीला ती हात लावायची आणि मग एक गोष्ट करायची, जिनं माझा जीव खाली-वर व्हायचा. कोपरा धरून वाकळ उलटी करायची आणि मागची बाजू पाहायची. म्हणायची, वाकळ पाठीवरून पाहावी, पोटावरून कुणाचीबी चांगलीच दिसती. मी मनात म्हणत होते, आपल्या वाकळीची पाठ आणि पोट दोन्ही पाहून ही आता काय म्हणेल?

शेवटच्या भिंतीपाशी पोचलो तेव्हा तिथं नेमक्या बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्या मॅडम उभ्या होत्या. हातात माइक. अध्यक्षबाई शेजारी. मॅडमनी आमच्या वाकळीची कड दोन बोटांत धरलेली आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होत्या, की हा टाका पाहा, चारही बाजूंनी एका मापाचा, एका रेषेत, आणि तोही डोळे अधू झालेल्या म्हातारीच्या हातचा. ते अधू डोळ्यांचं अध्यक्षबाईंना मीच मोठ्या तोंडानं सांगितलेलं. मॅडम म्हणाल्या, असा हात आता पाहायला मिळत नाही. बायांनी टाळ्या वाजवल्या. धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी तेव्हा एका पायावर गेले असते.

मी अक्काकडे पाहिलंच नाही. अध्यक्षबाईंनी मला पुढे बोलावलं, मी गेले नाही. मॅडम पुढच्या वाकळीकडे वळल्या, गर्दी त्यांच्यामागं गेली आणि वाकळीसमोर आम्ही दोघी उरलो. तेव्हा मान वर केली. अक्का टाक्याकडे पाहत नव्हती. ती खाली बसली होती आणि भिंतीच्या कडेला काहीतरी न्याहाळत होती. फरशीच्या फटीतून मुंग्यांची एक रांग निघाली होती. ती भिंतीवरून चढत आमच्या वाकळीच्या खालच्या कोपऱ्यात शिरत होती. एवढ्या वाकळी टांगलेल्या, पण मुंग्या आमच्याच वाकळीला.

अक्कानं तो कोपरा चिमटीत धरून दाबला. आतला भुगा तिच्या बोटांना कळला असणार.

“ह्यात घास कोनं घातला?” ती हळूच म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. शेळीचा वास, मशीन, पट्टी, चतुर्थी, काही म्हणजे काही राखलं नाही. बिस्किटाचंही सांगितलं. सांगताना मला वाटत होतं, ही इथंच रडेल, किंवा नुसती उठून जीपला जाऊन बसेल आणि पुन्हा माझ्या दारात यायची नाही. अक्का भांडत नाही. ती गप्प होते, आणि एकदा गप्प झाली की वर्ष वर्ष गप्प राहू शकते. मला त्याचीच भीती होती. माय गेल्यावर मला माहेर म्हणून उरलीय ती अक्काच.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “सारीच कड उसवली?”

“सारी.”

“पयलेचा एकबी टाका ठेवला न्हाई?”

“न्हाई.”

अक्का तिथंच फरशीवर मांडी घालून बसली. भिंतीला पाठ टेकवली आणि मोठा श्वास सोडला. म्हणाली, “सुटले बाई मी एकदाची.”

मला काही कळेना. मीही तिच्याशेजारी खाली बसले. तिनं मग माझ्याकडे न पाहता सांगितलं. वाकळ तिच्याकडे गेल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात ती उतरंडीमागं ठेवली होती, आणि घासाच्या वासानं उंदीर आले. घास खाल्ला तर खाल्ला, सगळी कड कुरतडून टाकली. चारी बाजूंनी मायच्या दोऱ्याचे तुकडे पडलेले. ती ते सुपात गोळा करून किती वेळ बसली होती म्हणे.

“तू तेराव्याला म्हणली व्हती, नीट सांभाळ. मी दोन सालबी सांभाळली न्हाई. तुला कोन्या तोंडानं सांगू?”

“मग तो वाकडा टाका कोणाचा?” मी विचारलं.

“माझा.”

तिनं पट्टी नवी लावली, उंदरांच्या धास्तीनं कोपऱ्यात घास मात्र घातला नाही, आणि मायसारखा टाका घालायला बसली. पण तिचा हातही चांगला, टाका सरळच यायचा. वाकडा घालायला गेली की मुद्दाम केलेला दिसायचा. तीनदा शिवला, तीनदा उसवला. शेवटी तिनं डोळे मिटून शिवला. आठ दिवस लागले, बोटांची चाळण झाली, पण टाका हुबेहूब मायचा आला. कोणाला कळलं नाही. मला तर नाहीच नाही. म्हणजे दहा वर्षं मी गोरेगावला जाऊन अक्काच्याच टाक्यावर बोट फिरवून मायला आठवत होते, आणि ती समोर बसून शेंगा निवडत जीव मुठीत धरून असायची, की हिला आज कळतं की उद्या. वाकळ धुऊ नको म्हणाली तेही वासासाठी नव्हतं. दोरा तिनं घरातला जुनाच वापरला होता, नवा असता तर मी ओळखला असता. तो मशीनमध्ये काय, साध्या पाण्यातही टिकला नसता.

मला आधी रागच आला. दहा वर्षं रडवलंस म्हणून तिच्या दंडाला एक चिमटाही काढला. पण राग टिकेना. अंगावरून ओझं उतरल्यावर माणूस काही वेळ तसाच वाकून चालतो, तशी मी जरा वेळ अपराधी तोंड करून बसले, आणि मग एकदम जाणवलं, की आता तसं बसायची गरज नाही. मी काही मायचा हात उसवला नव्हता. तो उंदरानं कधीच नेला होता, आणि उंदराला काय मी बजावणार होते? इतकं हलकं वाटलं, की मला भूकच लागली. दोन दिवस मी नीट जेवले नव्हते, तेही तेव्हाच लक्षात आलं.

कोपरा झटकून, बिस्किटाचा भुगा काढून, मुंग्या घालवून आम्ही बाहेर गाड्यावर गेलो. गरम भजी खाल्ली, दोनदा चहा घेतला. अक्कानं तिसऱ्यांदा मागितला. मग आत येऊन सगळ्या वाकळी पुन्हा पहिल्यापासून पाहिल्या. सकाळी मी नुसतं तोंड चालवलं होतं, पाहिलं काहीच नव्हतं. हळदीच्या वाकळीत मधोमध एक तान्ह्या लेकराचं अंगडं अख्खंच्या अख्खं शिवलेलं होतं, ते मला आता दिसलं. फेट्यांच्या वाकळीला जरीची टोकं एका रांगेत लावलेली होती. सगळ्या वाकळी इतक्या सुंदर होत्या आणि मी सकाळभर त्यांचा वेळकाढूपणासाठी वापर केला, याची मला थोडी लाज वाटली. या खेपेला वाकळी मीही उलट्या करून पाहिल्या.

जाताना अक्का त्या पाहुण्या मॅडमकडे गेली. मला वाटलं आता ही सगळं सांगते की काय. पण ती एवढंच म्हणाली, की तो टाका आमच्या मायचा न्हाई, हिचा हाय, आणि मला पुढे ढकललं. मॅडमनी माझा हात हातात घेऊन टाक्याची पुन्हा तारीफ केली. या वेळी मी ती खुशाल ऐकून घेतली. तारीफ खोटी नव्हती. फक्त जागा चुकली होती.

संध्याकाळी वाकळी परत दिल्या. अक्काला मी मुक्कामाला ठेवून घेतलं. सकाळी चहा झाल्यावर तिनं वाकळ उन्हात अंगणात पसरली, माझी कात्री मागून घेतली आणि माझा सरळ टाका उसवायला बसली. मी म्हटलं, राहू दे की, पक्का बसलाय. ती म्हणाली, पक्का हाय, पर ही वाकळ तुझ्या ब्लाउजावानी दिसून राहिली. एक बाजू तिनं शिवली, डोळे मिटून, भराभर. मी पाहत होते. दहा वर्षांनीही तिचा हात विसरला नव्हता. मग तिनं सुई माझ्या हातात दिली.

“मीट डोळे.”

पहिले चार टाके मी पापणीखालून पाहून घातले. अक्कानं ते पाहून लगेच ओढून काढले आणि आपला पदर माझ्या डोळ्यांवर धरला. मग मला खरंच काही दिसेना. डाव्या अंगठ्यानं कड चाचपायची, अंगठा जाईल तिकडे सुई न्यायची, एवढंच उरलं. दोन बोटं गेले असेन नसेन, अंगठ्याखाली एक गुठळी आली. तीन कापडं तिथं एकावर एक शिवली गेली होती, सुई आत जाईना. डोळे उघडे असते तर मी तिथंच जोर लावून, बोटात अंगुस्तान घालून सुई आरपार नेली असती आणि रेघ सोडली नसती. आता अंगठा आपोआप त्या गुठळीला वळसा घालून आत सरकला, सुई त्याच्यामागं गेली. पुढं पातळ कापड लागलं, तिथं टाका आपोआप लांब पडला. पुन्हा गुठळी आली, पुन्हा मी बाहेरून गेले.

मायचा टाका आंधळेपणानं वाकडा जात नव्हता. जिथं कापड जड होतं तिथून ती सुईला वाट काढून देत होती, आणि जिथं मऊ होतं तिथं जरा पाय लांब टाकत होती. तीस वर्षं शिवण करून मला हे ठाऊक नव्हतं.

“कळलं का, काहून वाकडी जायची ती?” अक्का म्हणाली.

मी पदराखाली मान हलवली आणि पुढची गुठळी चाचपायला लागले.